गालावरचं केळीचं पान
‘चेहरा रंगवून निसर्ग दाखवणं हे शहरी फॅड, मुलांना भावना मांडायला निबंध पुरे’ हे मत वाचलं, मला ते अजिबात पटलं नाही. नंदुरबार जिल्ह्यातली, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी एकदा बघाच. बुध्या झालेले, म्हणजे होळीचं सोंग घेतलेले आदिवासी तरुण अंगभर राखेची, पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी काढतात. डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला सुकवलेले दुधी भोपळे आणि घुंगरू. हे सगळं नवसाचं, त्यासाठी कडक व्रत पाळतात. सातपुड्यात ही रीत जुनीच आहे.

आमच्या रावेरकडच्या शाळेत नववीच्या मुलांना सांगितलं, मनात असेल ते चेहऱ्यावर काढा. एरवी वर्गात तोंड न उघडणाऱ्या एका मुलीने एका गालावर केळीचं हिरवंगार पान काढलं आणि दुसऱ्यावर तेच पान, पण चिरफाळलेलं, कडा करपून तपकिरी झालेल्या. मे महिन्यातल्या वादळात घरची बाग आडवी झाली होती. निबंधात तिने यातलं अक्षरही लिहिलं नव्हतं! फक्त पोस्टर कलर चेहऱ्याला लावू देऊ नका. पाण्याने निघणारे फेस पेंटच आणा आणि आधी मनगटावर थोडा लावून बघा.