'कॅटलाइझ करते'ला मराठीत काय म्हणायचं?

मुलुंडपूर्व: भाचीच्या पोस्टरचं मराठी करतोय. वाक्य असं: 'कॉम्ट हे मिथिलट्रान्स्फरेज एंझाइम सॅमवरचा मिथिल गट डोपामिनवर नेण्याची अभिक्रिया...' इथे अडलो. (सॅम म्हणजे मिथिल गट पुरवणारा रेणू; मिथिल गट म्हणजे एक कार्बन, तीन हायड्रोजन; डोपामिन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन.) 'उत्प्रेरित करते' लिहिलं तर आई म्हणाली, "कुणाला प्रेरणा देतंय ते?" 'घडवून आणते' चालेल?

गिरगावची_लेक: त्यातून वाटतं, एंझाइम नसतं तर घडलंच नसतं. तसं नाही, फार म्हणजे फारच सावकाश घडलं असतं. एंझाइम मधला ऊर्जेचा चढ कमी करतं आणि शेवटी जसंच्या तसं मोकळं होतं. 'चालना देते' लिहा.

टेस्टट्यूब: चालना देणारा ढकलून बाजूला होतो हो! हे एंझाइम सॅम आणि डोपामिन दोघांना धरून बसतं. सॅममधल्या गंधकावर धन प्रभार, त्यामुळे मिथिल निसटायला टपलेलंच. डोपामिनला मॅग्नेशियमच्या आधाराने नेमक्या जागी बसवतं. त्याचा ऑक्सिजन गंधकाच्या बरोबर विरुद्ध बाजूने येतो, की मिथिलचे तीन हायड्रोजन उलटे वळतात, दादरच्या पुलावर छत्री उलटते तसे. हे 'चालने'त कुठे आलं?

ऱ्हस्वदीर्घ: आधी 'एंझाइम' काढा. विकर किंवा वितंचक. संस्कृतात आतंचन म्हणजे विरजण, वितंचक त्याच घरातला दिसतो.

गिरगावची_लेक: शाळेत वर्षभर मी 'विकर' हा 'विकार' समजून वाचला. आणि विरजणात जिवाणू असतात, नुसतं एंझाइम नव्हे.

बदलीग्रस्त: ट्रान्स्फरेजला 'बदलीकारक' म्हणा. सरकारी नोकरीत काढलेल्या माणसाला लगेच कळेल.

ऱ्हस्वदीर्घ: थट्टा पुरे. 'मिथिल'सुद्धा परकाच.

टेस्टट्यूब: परका कसला? त्यातला ग्रीक 'मेथु' म्हणजे मद्य, आपल्या 'मधु'चा सख्खा भाऊ. पुढे लाकडाचा 'हुले'. लाकडापासूनची दारू! कॉम्ट शोधणाऱ्या ॲक्सलरॉडना 1970 साली नोबेल मिळालं, नाव बदला असं कुणी म्हटलं नाही.

ऱ्हस्वदीर्घ: त्यांना मराठीत पोस्टर लावायचं नव्हतं.

मुलुंडपूर्व: मंडळी, उद्या सकाळी छपाईला द्यायचंय. तूर्त 'वेगाने घडवते' लिहितोय.

टेस्टट्यूब: अर्धंच झालं. धरून ठेवण्याचं काय?

बदलीग्रस्त: विरजणावरून आठवलं. आमच्या चाळीत विरजण संपलं की कोमट दुधात हिरव्या मिरचीची देठं टाकायचे. दही लागायचंही.

गिरगावची_लेक: आमच्याकडे मिरचीसकट. नुसत्या देठाने लागतं?