मदत हवी आहे: फिकट हिरव्या हॉलसोबत काय जुळवू?

मंडळी, दादरला जुन्या इमारतीत आमचा वन बीएचके आहे. दिवाळीआधी रंगकाम काढलंय. हॉलला फिकट हिरवा, पिस्ता रंगापेक्षाही हलका आणि किंचित राखाडी छटेचा, हे पक्कं ठरलंय. रंग बदला असं कृपया सुचवू नका, मला तो मनापासून हवाय. अडलंय ते त्याच्यासोबत काय ठेवायचं इथे.

हॉलला एकच मोठी खिडकी, तीही उत्तरेला, समोर दुसरी इमारत. थेट ऊन जवळजवळ नाहीच, येतो तो निळसर उजेड. सँपलचा छोटा डबा आणून जाड ड्रॉइंग पेपरवर दोन हात मारले आणि तो कागद सगळ्या भिंतींवर लावून पाहिला. सकाळी खिडकीपाशी तो कोवळ्या दुधीच्या सालीसारखा दिसतो, बघत राहावंसा. आतल्या भिंतीवर दुपारनंतर करडा पडतो. रात्री ६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप; आकडा कमी तर उजेड पिवळसर, जास्त तर निळसर पांढरा) ट्यूबखाली पाहून सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा तर दवाखाना!"

त्यांचंही बरोबर आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये हिरवा मुद्दाम वापरतात, कारण सतत लाल बघून शिणलेल्या डोळ्यांना त्याने आराम पडतो. पण नेमकं त्यामुळेच मला हा रंग इथे शोभेल असं वाटतं. घरात सासऱ्यांच्या वेळचं लालसर सागवानी कपाट आहे, खाली मरून खडीची मोझॅक लादी. हिरव्याशेजारी हे लाल खुलणारच. म्हणून कुशनना मरून खण घ्यायचा विचार आहे. की लाल फार होईल?

दिव्यांचं मात्र कोडं सुटत नाही. २७०० केल्विनचा बल्ब लावला तर हिरवा पिवळट होतो. ३००० घ्यावा की ४०००? कोणी फिकट हिरव्यासोबत राहत असेल तर अनुभव सांगा.

एका बाहेरच्या भिंतीला पावसात ओल येऊन पोपडे सुटले होते. सोसायटीने बाहेरून भेगा भरून घेतल्या आहेत. पेंटर "पुट्टी मारून मोकळे होऊ" म्हणतोय, पण भिंत पूर्ण वाळल्याशिवाय मी हात लावू देणार नाही. प्लास्टर जुनं, जागोजागी उंचसखल आहे. सॅटिनच्या चकाकीत ते सगळं उठून दिसेल म्हणून मॅटकडे कल आहे, पण घरात लहान मूल आहे, हाताचे डाग पुसताना मॅट टिकेल का?

छत पांढरंशुभ्र करू की ऑफव्हाइट? मला शुभ्र डोळ्यांवर येईल असं वाटतं.

पडदे मांजरपाटाचे, न धुवट, मूळ रंगाचेच शिवायचे आहेत. मोठ्या पन्ह्याचं चांगलं मांजरपाट मंगलदास मार्केटला बघू की हिंदमाताला?