मदत हवी आहे: ईडिपसच्या ‘हामार्तिया’ला मराठीत काय म्हणावं?

सोफोक्लीझच्या ‘ईडिपस’ या ग्रीक शोकांतिकेचं अभिवाचन बसतंय आणि सगळं एका शब्दावर अडलंय. ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’च्या १३व्या प्रकरणात शोकांतिकेच्या नायकाचा घात करणाऱ्या गोष्टीसाठी वापरलेला ‘हामार्तिया’ हा शब्द आपल्याकडे सर्रास ‘स्वभावदोष’ म्हणून शिकवतात. मूळ क्रियापदाचा अर्थ मात्र नेम चुकणे. ‘दोष’ म्हटलं की नट सुरुवातीपासूनच संताप ओततो, आंधळ्या भविष्यवेत्त्या तैरेसियसवर सगळा आवाज खर्च करतो आणि पुढे मेहुण्याच्या, क्रेऑनच्या प्रवेशात वर चढायला जागाच उरत नाही. शिवाय ईडिपसच्या हातून नकळत झालेली पितृहत्या आणि आईशी लग्न नाटक सुरू होण्याआधीच घडून गेलंय. रंगमंचावर उरतो तो फक्त सत्याचा शोध. कोरिंथचा दूत ईडिपसच्या घोट्यांच्या जुन्या जखमांची खूण सांगतो, त्याच्या बायकोला (खरं तर आईला) योकास्टाला सगळं उमगतं, ‘पुढे विचारू नकोस’ म्हणून ती गयावया करते, आणि ईडिपस थांबत नाही. यात दोष कुठला? मला तर हा त्याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो.

‘प्रमाद’ जवळचा आहे, पण त्यात निष्काळजीपणाची छटा येते. ‘चूक’ फार हलकी पडते. हे नाटक केलेल्या, शिकवलेल्या मंडळींनी कृपया सांगावं: तुम्ही कुठला शब्द वापरता? आणि तैरेसियसच्या प्रवेशात राग किती राखून ठेवता?