माळा रिकामा केला, तुमचं मत काय?

शहापूरकर:
गेल्या रविवारी माळा रिकामा केला. आमचं कौलारू घर, त्यात बेळगावचा पाऊस, जून लागला की भिंतीला हात लावला तरी ओल लागतेय, आणि वर काय ठेवलेलं तर मिक्सरची फुटकी भांडी, लग्नात आलेले स्टीलचे डबे, बंद पडलेले तीन रेग्युलेटर आणि नुसती खोकी. पुठ्ठा ओल धरतोय, मग झुरळं, मग कपड्यांना बुरशीचा वास. आता कपाट उघडलं की अंगावर काय पडत नाही, केर पाच मिनिटात निघतोय, इतकं बरं वाटतंय. माझं मत सरळ आहे, सहा महिने हात लागला नाही ती वस्तू घरात नको.

वडगावची सून:
अजिबात पटलं नाही. आमच्या गल्लीत नळ आठवड्यातनं एकदा येतोय. मोरीत दोन तांब्याचे हंडे, चार घागरी, एक निळं बॅरल, आंघोळीला बसायचं तर अंग चोरून. मलाही आवडत नाही हो. पण 2008 ला बेळगाव शहरातल्या दहा वॉर्डात चोवीस तास पाणी सुरू झालं, नणंद तिकडं राहतेय, तिच्या मोरीत एक बादली, एक मग, संपलं. ती काय माझ्यापेक्षा टापटीप नाही, तिचा नळ चालू असतोय. राकसकोप धरणाचं पाणी कुणाच्या घरात किती दिवसांनी येतंय ते आधी विचारा की, मग पसारा काढा म्हणा.

शहापूरकर:
वहिनी, हंडे-घागरी रोजच्या वापरातल्या, त्याला मी पसारा म्हणतच नाही.

खानापूरकर:
आणि साड्या? आईच्या सुती साड्यांची ट्रंक आहे आमच्यात, दोन वर्षं उघडली नव्हती. भांडीवालीला दिल्या असत्या तर एक प्लास्टिकचा टब आला असता. यंदा त्यातल्या पाच साड्यांची वाकळ शिवून घेतली, कडेला तिच्याच हिरव्या साडीचा काठ लावलाय. लेक तीच ओढून झोपतेय, दुसरं पांघरूण घेत नाही.

निपाणीकर:
मी शहापूरकरांच्या बाजूनं. 2019 च्या ऑगस्टात वेदगंगेचं पाणी गावात शिरलं तेव्हा घर सोडायला तासभर मिळाला, आणि त्यातला अर्धा तास आम्ही जमिनीचे उतारे हुडकण्यात घालवला. दोन पेट्या उलट्या केल्या, जुनी लग्नपत्रिका, लाइटची बिलं, सगळं निघालं, उतारे नाहीत. भावाकडं दाराच्या मागं खिळ्याला एकच पिशवी, ती घेऊन तो म्हातारीला धरून बाहेर. तेव्हापासनं माझ्या घरात जास्तीचा कागद टिकत नाही.

वडगावची सून:
कागदांचं पटलं. आमचं रेशनकार्ड अजून तांदळाच्या डब्याखाली आहे, आजच काढते. पण शहापूरकर, तुमचा सहा महिन्यांचा नियम नकोच. माळ्यावरचा मोठा हंडा आम्ही फक्त एप्रिल-मेमध्ये खाली घेतोय, नळ आणखी लांबतोय तेव्हा. उरलेले दहा महिने तो पालथाच असतोय, त्यो काढला तर उन्हाळ्यात पाणी भरू कशात?