मलेरियाचा डास शहरातलाही असतो

वर एकांनी लिहिलंय की मलेरिया खेड्यातला आणि डेंग्यू शहरातला. आफ्रिकेपुरतं हे बरंचसं खरं होतं, पण आता तिथेही तसं राहिलेलं नाही. तिथला मूळचा मलेरियाचा डास, ॲनोफिलिस गॅम्बिई, पावसाच्या उघड्या डबक्यांत वाढतो, त्यामुळे कोरड्या दिवसांत त्याचा जोर ओसरतो. आपल्याकडचा ॲनोफिलिस स्टीफेन्सी मात्र पक्का शहरी. त्याला गच्चीवरची टाकी, विहीर, बांधकामावरचा हौद एवढं पुरतं, मग बाहेर पाऊस असो वा नसो. मुंबईच्या मलेरियाबद्दल डॉ. बेंटले यांनी 1911 च्या अहवालात विहिरींवरच बोट ठेवलं होतं!

हाच डास 2012 मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या जिबूती या छोट्या देशात सापडला. त्या वर्षी तिथे मलेरियाचे 27 रुग्ण नोंदले गेले होते. 2020 मध्ये आकडा 73,000 च्या पुढे गेला. सगळं खापर एकट्या डासावर फोडता येणार नाही, पण त्याचा वाटा मोठा मानतात. 2016 मध्ये तो इथिओपियातही आढळला. पाणी रोज येत नाही म्हणून लोक पिंपं भरून ठेवतात, आणि त्याचं आयतंच फावतं.

आमच्या टाकीचं झाकण तडकलं होतं तेव्हा टॉर्च मारून पाहिलं. अळ्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या पडलेल्या, म्हणजे ॲनोफिलिस. डेंग्यूवाल्या एडिसच्या अळ्या डोकं खाली करून तिरक्या लटकतात. फवारणीवाला तोवर खालच्या गटारीतच धूर सोडत होता.