मदत हवी आहे: शारजातली शाळेची नोकरी नोटीस संपण्याआधी सोडायची आहे
नमस्कार मंडळी. धाकटी बहीण शारजात गणित शिकवते. इकडे जुळे सोलापुरात आईचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे तिला लगेच यायचंय. नोटीस 60 दिवसांची आणि शाळा म्हणते, परीक्षा होईपर्यंत सोडणार नाही. युएईच्या 2021 च्या कामगार कायद्यानुसार उरलेल्या नोटिशीचा पगार भरून द्यावा लागतो. तो देऊ, पैसे काय, पुन्हा मिळतील. पण न सांगता निघाली तर ‘फरार’ म्हणून तक्रार व्हायची, म्हणून राजीनामा लेखीच देणार आहोत. ही रक्कम ग्रॅच्युइटीतून वळती करून घेतात का? अनुभवाचा दाखला अडवला तर दाद कुठे मागायची? तिकडे शिकवलेल्या कुणी ताई-दादांनी सांगावं. ‘सरळ विमानात बस’ हा सल्ला मामांनी आधीच दिलाय.