मदत हवी आहे: कोरियात नऊ जणांची समुद्रसहल, पूर्व किनारा की पश्चिम?

नमस्कार मंडळी,

मी देजॉनला पीएचडी करते, इथे येऊन दोन वर्षं झाली. धाग्याचं कारण १५ ऑगस्ट. आपला स्वातंत्र्यदिन आणि कोरियाचा मुक्तिदिन एकाच तारखेला येतो. यंदा ती तारीख शनिवारी आहे आणि सुट्टी बुडू नये म्हणून सरकारने सोमवारी १७ ला बदली सुट्टी ठेवलीये. सलग तीन दिवस मिळतायत म्हटल्यावर आमच्या कंपूने समुद्रावर जायचं ठरवलं आणि "तुला हे छान जमतं" असं म्हणून सगळं माझ्या गळ्यात घातलं.

कंपू असा: मला धरून चार मराठी, तीन कोरियन, एक व्हिएतनामी मैत्रीण, एक उझबेक मित्र.

आधी गेल्या वर्षीची फजिती सांगते, म्हणजे मी एवढी का धास्तावलेय ते कळेल. जवळ पडतं म्हणून पश्चिमेला तेआनच्या बाजूला गेलो होतो. दुपारी दोनला पोचलो, कपडे बदलले, ट्यूब फुगवल्या, आणि बघतो तर समुद्र जागेवर नाही! होता, पण लांब कुठेतरी एक चकाकती रेघ. मधे नुसता करडा चिखल आणि त्यात बादल्या घेऊन शिंपल्या उकरणाऱ्या आज्ज्या. आम्ही हट्टाने चालत निघालो. पंधरा मिनिटांनी पाणी कसंबसं घोट्याला लागलं, आणि व्हिएतनामी मैत्रिणीची एक चप्पल चिखलाने गिळली. कोपरापर्यंत हात घालून शोधली. हाताला खेकडा लागला, चप्पल नाही. साडेपाचला पाणी वर यायला लागलं, आम्ही खूश होऊन कंबरेपर्यंत गेलो, तर सहाच्या ठोक्याला शिट्ट्या. पोहायची वेळ संपली, सगळे बाहेर! एवढा खर्च करून अर्धा तास भिजलो.

लाज याची वाटते की मी अलिबागकडची. कुलाबा किल्ल्यात ओहोटी बघून चालत जायचं हे आम्हाला कळत्या वयापासून माहीत. आणि इथे वेळापत्रक बघायचं सुचलं नाही.

तर आता तीन पर्याय आहेत. पूर्वेला गांगनुंग, पश्चिमेला देचॉन, किंवा सरळ बुसान. (देचॉन म्हणजे आमचं देजॉन नव्हे. आमच्यातल्या एका महाभागाने यात गोंधळ घालून एकदा चुकीचं तिकीट काढलंय.) गाडी दोघा कोरियन मित्रांना चालवता येते. माझा आंतरराष्ट्रीय परवाना वर्षभरच चालत होता, तो कधीच बाद झाला.

राहायला पेन्शन बघतेय. नवीन लोकांसाठी: इथे पेन्शन म्हणजे स्वयंपाकघर आणि बाहेर कोळशाची शेगडी असलेलं भाड्याचं घर. आईला फोनवर "पेन्शन बघतेय" म्हटलं तर म्हणाली, आधी नोकरी तर लागू दे. एका ठिकाणी चौकशी केली. भाडं सहा जणांचं, वरच्या प्रत्येक डोक्यामागे जादा पैसे, शेगडी-कोळशाचे आणखी वेगळे. नऊ जण आरामात मावतील म्हणतात, पण फोटोत बाथरूम एकच दिसतंय.

खरी गोची जेवणाची आहे. अधिक ज्येष्ठामुळे यंदा सगळं लांबलंय, त्यामुळे १२ ला दिव्यांची अमावस्या आणि १३ ला श्रावण सुरू. मराठी चौघांतले दोघं श्रावण पाळतात, मी जन्माची शाकाहारी, आणि चौथा बुधवारी गटारी उरकून "आता मलाही चालेल" म्हणतोय. उझबेक मित्र डुकराचं खात नाही. आणि कोरियन सनबेचा, म्हणजे लॅबमधल्या सीनियरचा, बेत काय? शेगडीवर सामग्योप्साल, म्हणजे डुकराचे जाड काप. नऊपैकी पाच जण त्याकडे नुसते बघत बसणार.

त्यात खर्च एन-पाङ, म्हणजे एकूण भागिले नऊ. मांस आणि सोजूची, म्हणजे इथल्या दारूची, कॉन्ट्री आम्ही का भरायची? आपल्याकडे टीटीएमएम म्हणून मोकळं होता येतं, इथे कंजूष दिसायची भीती वाटते. सनबे माणूस फार चांगला आहे, त्याला वाईट वाटायला नको.

शेवटचं, थोडं संकोचाचं. आम्हा मुलींना पोहताना अंगभर कपडे घालायचेत. इथे विचित्र दिसेल का?

——

प्रतिसाद, बुसानहून:

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सगळ्यात सोपा आहे. कोरियन स्वतःच अंगभर कपड्यांत उतरतात. लांब बाह्यांचा रॅशगार्ड, लेगिंग, वर टोपी. उन्हाने काळं पडायची त्यांना धास्ती. उघडाबंब माणूस दिसला तर तो बहुधा परदेशी असतो. बिनधास्त जा.

बुसानला या म्हणायला आवडलं असतं, पण १५ ऑगस्टला हेउंदेला येऊ नका. वाळू दिसत नाही, नुसत्या छत्र्या दिसतात. शिवाय तिथे अधूनमधून समुद्राच्या दिशेने ओढणारा प्रवाह तयार होतो आणि पोहणं बंद करतात. यायचंच तर सोंगजॉंगला या, लाटांवर खेळणाऱ्यांची जागा आहे ती. देजॉनहून केटीएक्सने, म्हणजे वेगवान रेल्वेने, दीड तासाच्या आसपास. तिकिटं महिनाभर आधी सकाळी सातला खुली होतात. सुट्टीच्या दिवसांची नऊ तिकिटं एकत्र हवी असतील तर गजर लावून बसा.

——

प्रतिसाद:

मर्चंट नेव्हीत होतो, इंचॉनला बरेचदा जाणं झालंय. तुमच्या चपलेची गोष्ट वाचून हसलो, पण त्या चिखलाला हसू नका. मुंबईत उधाणाच्या भरतीला आपण पाचेक मीटरचं कौतुक करतो. इंचॉनला भरती-ओहोटीतला फरक नऊ मीटरपर्यंत जातो. जहाज आत घ्यायला बंदराला दरवाजे आहेत, नाहीतर ओहोटीला जहाज चिखलात बसेल. आणि त्याच देशाच्या पूर्व किनाऱ्यावर हा फरक जेमतेम फूटभर! पश्चिमेचा समुद्र उथळ, मोठ्या ताटासारखा. पूर्वेचा खोल. गांगनुंगला दुपारी दोनला जा नाहीतर पाचला, समुद्र तिथेच असतो.

आता तुमच्या तारखा. तुम्हीच लिहिलंय १२ ला अमावस्या. म्हणजे १४, १५, १६ ला पश्चिमेला उधाण. पाणी सगळ्यात लांब जाणार आणि सगळ्यात जोरात परत येणार. चिखलात आत गेलेली माणसं मागून आलेल्या भरतीत अडकतात, दरवर्षी अशा बातम्या असतात. पाणी समोरूनच येतं असं नाही, खाचांमधून वळसा घालून पाठीमागे भरतं. अलिबागकरणीला अधिक काय सांगणार.

पश्चिमेलाच गेलात तर मात्र देचॉनच्या थोडं दक्षिणेला मुचांगपो आहे, तिथे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास समुद्र दुभंगून समोरच्या बेटापर्यंत दीडेक किलोमीटरची वाट उघडते. पोहायला नाही, बघायला. वेळ आधी बघून जा.

तेआनचं नाव निघालं की आमच्या पेशातल्यांना २००७ ची तेलगळती आठवते. क्रेन लादलेला तराफा सुटून नांगरलेल्या टँकरवर आदळला. टँकरवरचे दोन भारतीय अधिकारी त्यानंतर कितीतरी महिने कोरियात अडकून पडले होते. दहा लाखांहून जास्त लोकांनी येऊन तिथले दगड फडक्यांनी पुसले. तुम्ही जिथे चप्पल घालवली तो किनारा असा हाताने पुसलेला आहे. असो, विषयांतर झालं.

——

प्रतिसाद:

एवढं लांब कशाला, आमच्या गुहागरला या. समुद्रही आहे आणि श्रावणात घावनंही.

——

धागाकर्ती:

गुहागरचं विमान सुरू झालं की कळवा.

@मर्चंट नेव्हीवाले काका, फूटभर?! पश्चिमेवर काट मारली. बेटाची वाट मात्र मनात राहिलीये, पुढे कधीतरी. आता गांगनुंगबद्दल कोणी सांगेल का? विशेषतः खाण्याचं.

——

प्रतिसाद:

आम्ही सोलला असताना चार वेळा गेलोय, दोन मुलं आणि शाकाहारी सासूबाई घेऊन. तिथे छोदांग नावाचा भाग आहे, तिथलं टोफू प्रसिद्ध, कारण तिथे सोयाबीनचं दूध समुद्राच्या पाण्याने फाडतात. रांगेने तीच दुकानं. त्यातलं पांढरं, साधं सुनदुबू मागायचं. गरम, मऊ, चीक खाल्ल्यासारखं लागतं, वर सोया सॉस घालून भाताबरोबर खायचं. सासूबाईंनी दोन वाट्या खाल्ल्या आणि म्हणाल्या, फोडणी असती तर. लाल रंगाचं जाम्पोंग सुनदुबूही तिथे फार चालतं, पण त्यात शिंपल्या-माकूळ असतात. तिकडे वळू नका. किमचीही सोडा, कोळंबीचं खारवण असतं.

आणि एक कानमंत्र. "गोगी प्पे जुसेयो" म्हटलं की त्यांच्या डोक्यात फक्त मांसाचे तुकडे येतात. ते काढतील आणि रस्सा तोच देतील. तो रस्सा असतो म्योल्चीचा, म्हणजे आपल्या सुक्या मांदेलीच्या भावंडांचा. त्यामुळे "म्योल्ची युकसु" आहे का हे नाव घेऊन विचारा.

शेगडीचं मी असं करायचे: स्वतःची वेगळी जाळी न्यायची आणि कोळसा पेटला की पहिली पाळी आमची. जाडजूड सेसोंगी अळंबी, मका, रताळं, ढोबळी मिरची, टोफू. मिठाच्या पाण्याचा हबका मारून मका भाजला की कोरियन मंडळीच आमच्या ताटात हात घालायची. लिंबू आणि तिखट विसरू नका. त्याशिवाय घरातला बुरुस्ता, ती गॅसच्या डबीवर चालणारी शेगडी, घेऊन जा. थालीपिठाची भाजणी असेल तर प्रश्नच मिटला. पेन्शनवाल्यांना मात्र आधी विचारा, काही ठिकाणी खोलीत तळण-भाजण चालत नाही.

एक बाथरूम आणि नऊ माणसं? अजिबात नको! सगळे एकाच वेळी वाळूने भरून येतात. दुसरं घर बघा.

——

प्रतिसाद, बुसानहून:

एक महत्त्वाचं राहिलं. इथे समुद्रालाही मोसम असतो. जुलैच्या सुरुवातीला किनारा "उघडतो" आणि ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पूर्वेचे बरेच किनारे "बंद" होतात. पाणी तेच, ऊन तेच, पण जीवरक्षक गेले की उतरायचं नाही. तुमचा सोमवार नेमका त्या सीमेवर येतोय. ज्या किनाऱ्यावर जाणार त्याची यंदाची तारीख त्या शहराच्या संकेतस्थळावर बघा आणि पोहणं शनिवार-रविवारी उरका.

पूर्वेला पाणी पटकन खोल होतं, चार पावलांत छातीपर्यंत. तरंगत्या दोरीच्या आतच राहा. ऑगस्टमध्ये जेलीफिश येतात, काही तर परातीएवढे. डसला तर गोड्या पाण्याने धुऊ नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि जीवरक्षकाकडे जा. आणि रात्री वाळूत फटाके उडवायची हौस कोणाला असेल तर तिथे कायद्याने बंदी आहे, जवळच्या दुकानात विकायला असले तरी.

गाडीने जाणार असाल तर पहाटे पाचला देजॉन सोडा. यॉंगदोंग महामार्ग सुट्टीला असा तुंबतो की खंडाळ्याचा घाट बरा.

——

प्रतिसाद:

पैशांबद्दल. सनबेला सगळ्यांसमोर विचारू नका, एकट्याला गाठा. आणि "आम्ही मांसाचे पैसे देणार नाही" असं न म्हणता "बाजारहाटाच्या दोन याद्या करूया का" असं विचारा. माझ्या अनुभवात कोरियन लोकांना हिशोबाचं वाईट वाटत नाही, ऐनवेळी तोंड वाकडं केल्याचं वाटतं. काकाओ या इथल्या मेसेजिंग ॲपवरून ज्याच्या-त्याच्या वाट्याची रक्कम मागता येते, तिथे समान वाटणी करायचंच बंधन नाही.

——

धागाकर्ती:

काल कॅन्टीनमध्ये सनबेला गाठलं. दोन याद्यांचं म्हटल्यावर तो आधी गप्प बसला. मला वाटलं, झालं. मग म्हणाला, श्रावण म्हणजे नक्की काय? मी सांगितलं: पावसाळ्यातला एक महिना, बरेच जण मांस-मासे सोडतात. तर म्हणाला, माझी आजी बौद्ध मंदिरात जायची त्या दिवशी असंच करायची, आधी का नाही सांगितलंस? घर आणि गाडीचं पेट्रोल भागिले नऊ, खाण्यापिण्याच्या याद्या वेगळ्या. जाळी तोच आणणार आहे. मका त्याच्या यादीत पण आहे.

घर मिळालं गांगनुंगच्या उत्तरेला, जुमुंजिनच्या बाजूला. गर्दीच्या ग्यॉंगपो किनाऱ्यापासून जरा लांब, दोन बाथरूम, दोन रात्रींचे नऊ लाख वॉन. माणशी एक लाख, म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा जास्तच, पण यंदा समुद्र तरी दिसेल. शनिवारी पहाटे पाचला निघतोय. सोमवारी एकीचा श्रावणी सोमवारचा उपास, म्हणून परतताना आन्मोकला कॉफी. पूर्वी तिथे म्हणे मशीनमधून कपभर कॉफी घेऊन लोक समुद्र बघत बसायचे, आता रांगेने कॅफे आहेत. उपासाला कॉफी चालते असं तिनेच जाहीर केलंय.

एकच अडचण उरलीये. उझबेक मित्राला पोहता येत नाही. त्याच्या देशाला समुद्र नाही, शेजारच्या देशांनाही नाही. तो या वर्षीच आलाय आणि त्याने समुद्र फक्त विमानातून पाहिलाय. मागे राहायला तयार नाही. लाइफ जॅकेट किनाऱ्यावर मिळतं की इथूनच घ्यावं?

——

प्रतिसाद, बुसानहून:

मिळतं, ट्यूब भाड्याने देतात तिथेच. "गुम्यॉंग जोक्की" विचारा. त्याच्या मापाचं घ्या आणि खालचे पट्टे आवळून बांधा, नाहीतर पाण्यात ते गळ्याशी येतं. पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर पोहता येणारं एक माणूस कायम ठेवा. आणि त्या मैत्रिणीला सांगा, यंदा मागे पट्टा असलेली चप्पल घे.

——

धागाकर्ती:

तिने यंदा बूटच घेतलेत, पाण्यातले. घरी घालून फिरतेय.